घरातच कपडे धुता येतील असं परवडणारं भाड्याचं घर कसं शोधलंत?

ओलेचिंब | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नोकरीसाठी मोठ्या शहरात आले त्याला दीड वर्ष झालं. एकटीच राहते. सध्याच्या घरात वॉशिंग मशीन नाही आणि ठेवायचं म्हटलं तर जागाही नाही. दर रविवारी कपड्यांची पिशवी खांद्याला लावून सार्वजनिक लाँड्री गाठते. जायला बारा मिनिटं, मग मशीन रिकामं व्हायची वाट, मग धुणं, मग ड्रायर रिकामा व्हायची वाट, घड्या, परत बारा मिनिटं. आज परत येताना पावसाने गाठलं आणि वाळवलेले कपडे घरी येऊन पुन्हा वाळत घातले. त्या भरात हा धागा.

करार दोन महिन्यांत संपतोय. सध्याच्या भाड्याच्या वर फार तर दहावा हिस्सा देऊ शकते. पण घरात मशीन असलेली म्हणून जी घरं दिसतात त्यांचं भाडं पाव हिश्श्याने जास्त. एजंट म्हणतो, "मॅडम, बजेट किंवा मशीन, एक काहीतरी सोडा."

कोणी अशी शोधाशोध केली आहे का? घर बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? की मशीन नसलेलं घर घेऊन स्वतःचं बसवावं?

चिमटा | रविवार, रात्री १०:०५

उत्तर नंतर देतो, आधी सहानुभूती. दुसऱ्याचं धुणं संपलंय, माणूस बेपत्ता आहे, अशा वेळी त्याचे कपडे काढून टेबलावर ठेवावेत की नाही यावर एक वेगळा धागा निघायला हवा. मी एकदा काढून ठेवले. नेमका तेव्हाच तो आला. आजही त्याची नजर आठवते.

दोनदा_विचार | रविवार, रात्री ११:१०

आधी हिशोब करा, मग घर शोधा. लाँड्रीत महिन्याला किती जातात ते लिहून काढा. वाढीव भाड्यातून ते वजा करा. उरलेली रक्कम तुम्ही वेळेसाठी मोजताय.

आता वेळ. आठवड्याला अडीच तास धरले तर वर्षाचे १३० तास. म्हणजे पाच पूर्ण दिवस आणि वर दहा तास. आकडा ऐकून कोणीही वाढीव भाड्याला मान डोलावेल, पण इथे बहुतेक जण फसतात. मशीन घरी आलं म्हणून ते १३० तास शून्य होत नाहीत. कपडे वेगळे करणं, वाळत घालणं, घड्या घालणं हे राहतंच. जातो तो फक्त येण्याजाण्याचा आणि वाट बघण्याचा वेळ. माझ्या बाबतीत तो आठवड्याला दीड तास निघाला होता, म्हणजे वर्षाला ७८. शिवाय लाँड्रीत मी वाचायचो. मशीन घरी आल्यापासून माझं वाचन बंद पडलंय हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

एकट्या माणसाला पाव हिस्सा जास्त भाडं परवडत नाही असं माझं मत. घरात तान्हं मूल असेल तर मात्र हिशोब न करता घ्या.

नळदुरुस्त | सोमवार, सकाळी ६:२०

ओलेचिंब ताई, तीस वर्षं प्लंबिंगचं काम केलं, आता निवृत्त आहे. एक गोष्ट मनातून काढा. मशीन असलेलं घर शोधू नका. मशीन बसेल असं घर शोधा. दोन्हींच्या भाड्यात फरक असतो तो घरमालकाने ठेवलेल्या, बहुतेक वेळा जुन्या झालेल्या, मशीनचा. ते मशीन तुम्ही दोन-तीन वर्षांत भाड्यातून पुन्हा विकत घेता आणि जाताना तिथेच ठेवून येता.

मशीनला चार गोष्टी लागतात. येणारं पाणी, जाणारं पाणी, वीज आणि उभं राहायला जागा.

येणारं पाणी: नळ आहे का एवढंच बघून भागत नाही, दाब बघा. पाण्याची टाकी गच्चीवर असेल तर सगळ्यात वरच्या मजल्यावर दाब सगळ्यात कमी, कारण टाकी आणि नळ यांच्या उंचीत फारसा फरक नसतो. दहा मीटर उंचीच्या फरकाने साधारण एक बार दाब मिळतो. म्हणजे टाकी तीन मीटर वर असेल तर ०.३ बार. बऱ्याच मशीनच्या माहितीपुस्तिकेत किमान ०.५ बार लिहिलेलं असतं. घर बघायला जाताना घड्याळ बघा आणि दहा लिटरची बादली भरा. मिनिटभरात भरली तर उत्तम. तीन मिनिटांच्या वर गेली तर मशीन 'पाणी येत नाही' म्हणून थांबणार, अर्धवट ओल्या कपड्यांसकट. बादली भरताना स्वयंपाकघरातला नळही कोणालातरी उघडायला सांगा.

जाणारं पाणी: लोक हे विसरतात आणि पुढची सगळी भांडणं याच्यावरूनच होतात. निचऱ्याच्या नळीचं टोक जमिनीपासून साधारण ६० ते ९० सेंटिमीटर उंच असावं लागतं. खाली जमिनीवरच्या जाळीत सोडून दिलं की पाणी भरताना आपोआप वाहून जातं. मशीन भरतंय, पाणी जातंय, मशीन भरतंय, पाणी जातंय, आणि माणूस मेकॅनिकला फोन लावतोय. दुसरं म्हणजे मशीन पाणी हळूहळू सोडत नाही, पंपाने फेकतं. जुनी, अर्धी तुंबलेली मोरी तो लोंढा घेत नाही. बादली भरलीच आहे तर ती एका दमात मोरीत ओता आणि बघा पाणी घोट्यापर्यंत येतंय का.

वीज: पाणी तापवणाऱ्या मशीनचा हीटर २००० वॉटच्या आसपास असतो. २३० व्होल्टवर तो पावणेनऊ अँपिअर ओढतो. म्हणजे मोठा, १५-१६ अँपिअरचा सॉकेट हवा, अर्थिंगसकट. मोबाईल चार्ज करायच्या सॉकेटवर आणि एक्स्टेंशन वायरवर मशीन लावू नका, वायर वितळलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. जिथे घरात १२० व्होल्ट येतात तिथे मोठ्या विजेच्या ड्रायरला सहसा २४० व्होल्टची वेगळी जोडणी लागते, ती आहे का विचारा. न्हाणीघरात सॉकेट कुठे चालतो याचे नियम देशोदेशी वेगळे असतात, तिथे इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय हात घालू नका.

जागा: समोरून उघडणारं नेहमीचं मशीन ६० सेंमी रुंद आणि ८५ सेंमी उंच. खोली ४५ पासून ६० पर्यंत मिळते, पण मागे नळ्यांसाठी पाचेक सेंमी धरा. आणि फक्त कोपरा मोजू नका, दार मोजा. न्हाणीघराचं दार उघडल्यावर मोकळी जागा ५७ सेंमी निघाली तर ६० सेंमी खोलीच्या मशीनला कोपरा राजवाड्याएवढा असूनही उपयोग नाही.

ओलेचिंब | सोमवार, दुपारी १:३०

काका, हे छापून भिंतीला लावते. एक शंका. जाहिरातीत "मशीनची सोय" असं असतं, त्याचा अर्थ नेमका काय घ्यायचा?

जिन्याखालची | सोमवार, दुपारी २:१५

हाहा, तो शब्द! मी मागच्या वर्षी दोन महिने हेच केलं. "मशीनची सोय" म्हणजे खालीलपैकी काहीही: घरात चालू मशीन आहे, घरात मशीन आहे पण चालत नाही, "तुम्ही दुरुस्त करून घ्या, भाड्यातून बघू", नळ आणि निचरा आहे, मशीन तुमचं, इमारतीच्या तळघरात सगळ्यांत मिळून दोन मशीन आहेत, आणि माझं आवडतं, गल्लीच्या टोकाला लाँड्री आहे.

एका घराच्या फोटोत झकास नवंकोरं मशीन दिसत होतं. घर आवडलं, टोकन द्यायला गेले तर मशीन गायब. ते आधीच्या भाडेकरूचं होतं, तो घेऊन गेला. एजंटचं म्हणणं, "फोटोत सोफा पण होता की, तो पण नाहीये." तेव्हापासून फोटोतली प्रत्येक वस्तू राहणार आहे का हे मेसेज करून विचारते, म्हणजे उत्तर लेखी मिळतं.

आता खरी युक्ती. वेबसाइटवर घर शोधताना 'मशीन'च्या चौकोनावर टिचकी मारू नका. सगळे तेच करतात, म्हणून त्या यादीतली घरं महाग आणि तासाभरात जाणारी. ज्या घरमालकाने मशीन ठेवलेलं नाही तो तो चौकोन मोकळा सोडतो, मग घरात नळ, निचरा सगळं असलं तरी. ही घरं तुमच्या यादीत येतच नाहीत. चौकोन मोकळा ठेवा, तुमच्या बजेटची सगळी घरं काढा आणि फोटोंमध्ये बघा. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली एक रिकामा चौकोन, भिंतीतून बाहेर आलेला एकटाच नळ, कमरेच्या उंचीवर टोपण लावलेला पाइप. हे दिसलं की फोन करा. जाहिरात जितकी आळशीपणे लिहिलेली तितकी आशा जास्त, कारण अशा घराला फोन कमी येतात.

घरमालक_एक | सोमवार, रात्री ८:५०

सगळे घरमालकांवर तुटून पडण्याआधी दुसरी बाजू मांडतो.

माझ्या एका घरात भाडेकरूने न विचारता मशीन बसवलं. नळ कायम चालू, रबरी नळी स्वस्तातली. गावाला गेले असताना नळी फुटली. पाणी रात्रभर. खालच्या घराचं छत, त्यांचं कपाट, त्यांची गादी. खालचे लोक माझ्याशी अजूनही बोलत नाहीत. खर्च कोणी द्यायचा यावर जे झालं ते इथे लिहीत नाही.

तर आम्ही 'मशीन नको' म्हणतो तेव्हा ती विजेची किंवा पाण्याची कंजुषी नसते, खालच्या मजल्याची भीती असते. ती भीती घालवणारा भाडेकरू आला तर मी भाडं कमी करूनही घर देईन. त्यानंतर एका मुलीने मला विचारलं ते असं: जोडणी जाणकाराकडून करून घेईन, नळी जाळीचं आवरण असलेली आणि गळती झाली तर पाणी आपोआप बंद करणाऱ्या झडपेची घेईन, धुणं झालं की नळ बंद करीन, घर सोडताना सगळं होतं तसं करून देईन, आणि हे सगळं करारात लिहा. मी एका मिनिटात हो म्हटलं. त्याआधी तीन जणांना नाही म्हटलं होतं, ते फक्त "मशीन चालेल ना?" एवढंच विचारत होते.

रबरी नळी पाचेक वर्षांनी बदला, चांगली दिसत असली तरी. आणि भाडेकरूचा विमा मिळत असेल तर त्यात पाण्याने शेजाऱ्याचं झालेलं नुकसान येतं का ते वाचून घ्या.

निशाचर | मंगळवार, रात्री १:४५

घरमालकांनी खालचं छत सांगितलं, मी खालच्या मजल्यावरचा माणूस बोलतो. माझ्या डोक्यावर रोज रात्री साडेअकराला विमान उडतं. कपडे पिळायच्या वेळी मशीनचा आवाज ७० डेसिबलच्या वर जातो, आणि आवाजापेक्षा वाईट ती थरथर. लाकडी जमिनीच्या जुन्या इमारतीत तर पूर्ण खोली वाजते. घर निवडताना मशीनचा कोपरा खालच्याच्या कुठल्या खोलीवर येतो ते बघा. न्हाणीघरावर न्हाणीघर असेल तर चालून जातं. माझ्या नशिबी ते झोपण्याच्या खोलीवर आहे.

मशीनच्या पोटात काँक्रीटचे ठोकळे असतात ते या थरथरीसाठीच. म्हणून ६०-७० किलो वजन. १९३७ साली बेंडिक्स कंपनीने घरगुती ऑटोमॅटिक मशीन बाजारात आणलं ते तर जमिनीला बोल्टने आवळावं लागायचं, नाहीतर चालू लागायचं. आता निदान तेवढं तरी करावं लागत नाही. चारही पाय पाणसळीला लावा, एकही पाय डुगडुगता नको, आणि एकटी जड चादर कधी पिळायला टाकू नका.

सामायिक_सुखी | मंगळवार, सकाळी १०:००

विरोधी मत. आमच्या इमारतीत तळघरात सामायिक मशीन आहेत आणि मी खूश आहे. बिघडलं तर माझी जबाबदारी नाही, घरात दमटपणा नाही, आणि गर्दी नसताना चार मशीन एकदम लावून महिन्याच्या चादरी दीड तासात उरकतात. घरच्या एका मशीनवर तेच काम दिवसभर चालतं. ओलेचिंब, तुमचा खरा त्रास बारा मिनिटं चालणं आणि वाट बघणं हा आहे. तो तळघरातही सुटतो, आणि अशा घरांचं भाडं 'घरात मशीन'पेक्षा कमी असतं. मात्र बघायला जाल तेव्हा सुट्टीच्या दिवशी सकाळी जा, आणि किती घरांमागे किती मशीन ते मोजा. भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचा. त्या इमारतीचा स्वभाव तिथे कळतो.

जिन्याखालची | मंगळवार, सकाळी १०:२०

चिठ्ठ्यांना शंभर टक्के अनुमोदन. एका इमारतीत "कृपया कुत्र्याचं अंथरूण यात धुऊ नये" ही चिठ्ठी पाहिली आणि तशीच परत फिरले.

चिमटा | मंगळवार, रात्री ९:३०

आता माझं वचन दिलेलं उत्तर. इथे सगळे धुण्याबद्दल बोलताहेत. धुणं सोपं आहे हो. वाळवणार कुठे?

थोडं गणित. ५ किलो सुती कपडे मिनिटाला १००० फेऱ्यांनी पिळले की त्यात साधारण ३ लिटर पाणी उरतं. १४०० फेऱ्यांनी पिळले तर अडीचच्या आसपास. हे पाणी कुठेतरी जायला हवं. बाल्कनी असेल तर उन्हात आणि वाऱ्यात गेलं. नसेल आणि तुम्ही एका खोलीच्या घरात खिडक्या लावून स्टँड उघडलात, तर ते तीन लिटर तुमच्या भिंतींवर, गादीत आणि कपाटामागे जातं. मी एक हिवाळा तसा काढला. फेब्रुवारीत कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी, दोन हातांच्या पंजाएवढी. घरमालकाने डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

म्हणून बघायला जाल तेव्हा नळ बघून झाला की वर बघा. स्टँड मावेल आणि हवा खेळेल अशी जागा कुठे आहे? न्हाणीघराला खिडकी किंवा खरोखर हवा ओढणारा पंखा आहे का? पंख्याच्या जाळीवर कागदाचा पातळ तुकडा धरा. चिकटून राहिला तर ओढतोय, पडला तर शोभेचा. बाल्कनीत कपडे वाळत घालायला इमारतीच्या नियमात बंदी आहे का, हेही विचारा. असते बऱ्याच ठिकाणी.

ड्रायर घ्यायचाच तर प्रकार समजून घ्या. नळीतून गरम हवा बाहेर सोडणाऱ्याला भिंतीत भोक लागतं, भाड्याच्या घरात ते आधीपासून असेल तरच विषय काढा. त्या नळीत साठणारी कपड्यांची लव पेट घेते, म्हणून जाळी प्रत्येक वेळी साफ करायची. कंडेन्सरवाल्याला भोक लागत नाही, पाणी डब्यात साठतं ते ओतायचं. हीट पंपवाला त्याच्या साधारण निम्म्या विजेत काम करतो पण वेळ खातो आणि विकत घेताना महाग. धुणं-वाळवणं एकाच पोटात करणारं मशीन जागा वाचवतं, पण ८ किलो धुतं आणि ५ किलोच वाळवतं. म्हणजे अर्धवट कपडे हातात घेऊन तुम्ही उभे. एकट्या माणसाला मात्र ते पुरतं, कमी कमी टाकलं तर.

दोनदा_विचार | मंगळवार, रात्री १०:१५

चिमटा, हे तुम्ही पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. मी हिशोबात वाळवण धरलंच नव्हतं.

ओलेचिंब | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:००

अहवाल देते. जिन्याखालचीचं ऐकून चौकोन मोकळा ठेवला. यादी तिप्पट झाली. त्यातून चार घरं पाहिली, बादली सोबत घेऊन. एजंटने पहिल्या घरात विचारलं, "घर धुवायचंय का?"

घर पहिलं: मशीनसकट, बजेटच्या किंचित वर. दार उघडल्याबरोबर कुबट वास. दाराच्या रबराची घडी मागे केली तर आत काळं. खाली पुढच्या बाजूला छोटं झाकण असतं त्यामागे पंपाची जाळी असते हे वाचून गेले होते, घरमालकाला विचारून ते उघडलं. आधी पाणी, मग केसांचा गोळा, मग तीन नाणी आणि एक हेअरपिन. ड्रम हाताने वर उचलून पाहिला, खडखड हलला.

नळदुरुस्त | रविवार, संध्याकाळी ७:२०

बेअरिंग गेलंय. ते बदलण्यात बहुतेक वेळा नव्या मशीनचा मोठा हिस्सा जातो. बरं केलंत.

ओलेचिंब | रविवार, संध्याकाळी ७:४५

घर दुसरं: वरचा मजला, भरपूर उजेड, मोठी गच्ची, मी प्रेमात. बादली भरायला चार मिनिटं दहा सेकंद. दुसरा नळ उघडल्यावर पाच मिनिटांनी मी मोजणं सोडलं. काका, प्रेमभंग झाला हो.

घर तिसरं: नळ, सॉकेट सगळं होतं, निचरा मात्र स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये नळी लटकवून. आधीचे भाडेकरू तसंच करायचे म्हणे. नको म्हटलं.

घर चौथं: जाहिरातीत मशीनचा म-सुद्धा नाही. फोटो चार, त्यातला एक जिन्याचा. पण न्हाणीघराच्या फोटोत कोपऱ्यात एकटाच नळ! गेले. बादली एक मिनिट वीस सेकंद. मोरीत ओतली, घळघळ गेली. कमरेच्या उंचीवर पाइपला टोपण. सॉकेट मोठा, न्हाणीघराच्या दाराबाहेर. खिडकी आहे. खाली न्हाणीघरच येतं, निशाचर, तुमची आठवण काढून विचारलं. भाडं आत्तापेक्षा विसावा हिस्सा जास्त, फक्त!

अडचण एकच. दाराची मोकळी जागा ५६ सेंमी.

नळदुरुस्त | रविवार, रात्री ८:१०

दोन वाटा. दार बिजागऱ्यांवरून काढता येतं का बघा, तेवढ्याने दाराची जाडी मिळते. नाहीतर वरून उघडणारं पण आडव्या ड्रमचं मशीन येतं, रुंदी ४० ते ४५ सेंमी. ते कुठूनही जातं. त्याच्यावर सामान मात्र ठेवता येत नाही.

सेमी-ऑटोमॅटिक हाही पर्याय आहे, त्याला दाबाची पर्वा नसते, बादलीनेही भरता येतं. पण कपडे या टबातून त्या टबात हलवायला तुम्हाला तिथे उभं राहावं लागेल. रविवार वाचवायला निघालात ना?

घरमालक_एक | रविवार, रात्री ८:३०

सही करण्याआधी मशीनचं करारात लिहून घ्या. तोंडी 'हो' घरमालक बदलला की विसरलं जातं. घरमालकाचा मुलगा व्यवहार बघायला लागला तरी विसरलं जातं.

ओलेचिंब | पाच आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:००

घर घेतलं! घरमालक_एक, तुमच्या त्या भाडेकरू मुलीचं वाक्य जवळपास जसंच्या तसं वापरलं, घरमालक काकू लगेच तयार झाल्या. उलट म्हणाल्या, नळ त्यांनीच बारा वर्षांपूर्वी मशीनसाठी काढून घेतला होता, मग मशीन घेतलंच नाही. जाहिरातीत का नाही लिहिलं विचारलं तर, "त्यात काय लिहायचं?"

दार बिजागऱ्यांवरून काढलं, चौकटीत ६१ सेंमी मिळाले. मशीन नवं घेतलं, समोरून उघडणारं, सगळ्यात साधं, १२०० फेऱ्यांचं. जोडणी प्लंबरकडून. आज पहिलं धुणं लावलंय.

आणि आता घाबरून लिहितेय. पिळायला लागल्यावर ते चालत न्हाणीघराच्या मध्यभागी आलं आहे. पाय पाणसळीला लावले होते. आवाज असा की खालच्या काकांनी वर येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना. बंद केलंय. बिघडलेलं मशीन मिळालं का?

नळदुरुस्त | शनिवार, दुपारी ४:०४

मागच्या बाजूचे बोल्ट काढलेत का?

ओलेचिंब | शनिवार, दुपारी ४:०६

कुठले बोल्ट?

निशाचर | शनिवार, दुपारी ४:०७

मी बेंडिक्सबद्दल लिहिलं तेव्हा हसला होतात ना सगळे.

नळदुरुस्त | शनिवार, दुपारी ४:१२

मशीनच्या पाठीवर चार (कधी तीन) लांब बोल्ट असतात. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून कारखान्यातच घट्ट बसवतात. ते काढले नाहीत तर ड्रम ज्यांवर लटकतो त्या स्प्रिंगा कामच करत नाहीत आणि सगळी थरथर थेट बाहेरच्या पत्र्यात येते. प्लग काढा, पान्याने बोल्ट सोडवा, ओढून बाहेर घ्या, भोकांना सोबत आलेली प्लास्टिकची टोपणं लावा. एकाच धुण्यात सहसा काही बिघडत नाही. प्लंबरने नळ जोडला, बोल्ट बघायचं काम त्याचं नव्हतं आणि दुकानातल्या माणसाने सांगितलं नाही. असं दर आठवड्याला कुठेतरी होतं.

ओलेचिंब | शनिवार, संध्याकाळी ५:३०

काढले. चार होते. पुन्हा लावलं. शेजारी उभी राहून पाण्याने भरलेला पेला मशीनवर ठेवून पाहिला, सांडला नाही! खालच्या काकांना जाऊन सांगून आले, आणि रात्री नऊनंतर लावणार नाही असंही. स्टँड खिडकीपाशी. चिमटा, पंख्याला कागद चिकटला.

चिमटा | शनिवार, संध्याकाळी ५:३५

आता त्या मशीनमधले कपडे कोणी काढून टेबलावर ठेवणार नाही.

घरमालक_एक | शनिवार, संध्याकाळी ६:१०

नळ बंद केलात?

ओलेचिंब | शनिवार, संध्याकाळी ६:११

...आत्ता केला.

नळदुरुस्त | शनिवार, संध्याकाळी ६:४०

आणि ते बोल्ट टाकून देऊ नका. पुढचं घर बदलताना पुन्हा लावावे लागतात, तेव्हा कोणाकडेच सापडत नाहीत.

ओलेचिंब | शनिवार, संध्याकाळी ६:५५

पिशवीत घालून कराराच्या फायलीत ठेवलेत काका. पिशवीवर लिहिलंय, "हेच ते."